चित्रातली बाई आणि खपाची वही

गेल्या रविवारी दुपारी जेवण आटोपून जरा आडवी होते तोच पुण्याहून नातीचा फोन आला. "आजी, झोपली होतीस का? एक प्रश्न आहे. इतिहासाचा."

इतिहासाचा म्हटल्यावर मी उठून बसले. पस्तीस वर्षं शाळेत इतिहास आणि मराठी शिकवलं, पण निवृत्त झाल्यापासून घरात इतिहासाचा प्रश्न कुणी विचारत नाही. रक्तदाबाची गोळी घेतली का, एवढंच विचारतात.

"विचार," म्हटलं.

"बाईचं चित्र उघडंवाघडं काढलं की वस्तू जास्त खपते, हे खरं आहे का गं?"

प्रकरण असं होतं. नात एका व्हिडिओ गेम बनवणाऱ्या कंपनीत पात्रांची चित्रं काढते. नव्या खेळात एक लढणारी बाई आहे. हिने तिला नऊवारी, घट्ट कासोटा, वर चिलखत आणि हातात दांडपट्टा दिला. वरचे साहेब म्हणाले, चित्र छान आहे, पण असल्या बाईला विकत कोण घेणार? पोट उघडं ठेव, छाती मोठी कर, लुगडं मांडीच्या वर आण. नातीने विचारलं, असंच खपतं हे कशावरून? त्यावर उत्तर मिळालं, "सगळेच असं करतात. ते काय वेडे आहेत?" शुक्रवारपर्यंत तिला दुसरं चित्र काढून द्यायचं होतं, नाहीतर ते काम दुसऱ्या मुलाकडे जाणार होतं.

मी म्हटलं, "विचार करून सांगते." उत्तर येत नसलं की आम्ही शिक्षक हेच म्हणतो!

गेममधलं मला काही कळत नाही. पण चित्रातल्या बाईवर माल विकणं हा धंदा माझ्या नातीच्या साहेबांनी शोधून काढलेला नाही. आपल्या महाराष्ट्रात त्याला सव्वाशे वर्षांहून जास्त काळ झाला आहे. तेव्हा आपल्या घरापासूनच सुरुवात करावी म्हटलं.

आमच्या आपट्याच्या घरात माजघरात लक्ष्मीचं एक जुनं चित्र आहे. कमळावर उभी, चार हात, बाजूला हत्ती. माझ्या आजेसासूबाईंनी त्याच्या दागिन्यांवर टिकल्या आणि जर चिकटवली होती. त्या काळी बायका चित्रं अशी सजवत असत. हे चित्र राजा रविवर्म्याच्या छापखान्यातलं. रविवर्म्याने १८९४ साली मुंबईत शिळाछापाचा कारखाना काढला. पुढे प्लेगच्या काळात तो लोणावळ्याजवळ मळवलीला नेला. मूळ तैलचित्र राजेरजवाड्यांच्या दिवाणखान्यात असायचं, छापील प्रत मात्र साध्या माणसालाही घेता येई. म्हणूनच कोकणातल्या आमच्यासारख्या घरातही लक्ष्मी आली.

आता गंमत बघा. याच छापखान्यात लक्ष्मी-सरस्वतीबरोबर मेनका, रंभा, झोपाळ्यावरची मोहिनी यांचीही चित्रं छापली जात. पदर ढळलेला, ओलेती वस्त्रं, असं बरंच काही. म्हणजे 'खपणारी बाई' तिथे चांगली भरपूर होती. तरीही कारखान्यावर कर्ज झालं आणि नव्या शतकाच्या सुरुवातीलाच रविवर्म्याला तो फ्रिट्झ श्लायखर या जर्मन तंत्रज्ञाला विकावा लागला. पुढे श्लायखरने तोच कारखाना चालवून दाखवला. चित्रं बरीचशी तीच होती. फरक पडला तो धंदा सांभाळण्यात. तेव्हा नुसत्या अप्सरेने कारखाना तरत नाही, ही पहिली नोंद मी वहीत केली.

दुसरी नोंद अशी की, देवघरात किंवा माजघरात लागलेलं चित्र कोणतं? आमच्याकडे लक्ष्मी. माझ्या माहेरी पेणला सरस्वती. मोहिनी कुणाच्या भिंतीवर मी पाहिली नाही. कुणी घेतली असेल तर ती दिवाणखान्यात किंवा दुकानात लागली असेल. तेव्हा चित्र बाईचं आहे एवढ्याने भागत नाही. ते कुठे लावायचंय, घरातलं कोण बघणार आहे, हेही विकत घेणारा बघतो.

आता दिवाळी अंकांकडे येते. माझी खरी साक्ष तिथली आहे.

का. र. मित्र यांनी १९०९ साली 'मनोरंजन'चा दिवाळी अंक काढला आणि मराठीत ही परंपरा सुरू झाली. माझं बालपण गेलं पन्नास-साठच्या दशकांत. तेव्हा दिवाळी अंकांच्या मुखपृष्ठांवर राज्य होतं दोन गोवेकरांचं, दीनानाथ दलाल आणि रघुवीर मुळगावकर. दलालांनी १९४५ साली 'दीपावली' सुरू केला. मुळगावकरांचा 'रत्नप्रभा' होता. बाबूराव अर्नाळकरांच्या रहस्यकथांची वेष्टनंही मुळगावकर रंगवत. या दोघांनी किती सुंदर बायका रंगवल्या असतील त्याला गणती नाही. फुलं माळणारी, पणती लावणारी, आरशात बघणारी. पदर वाऱ्यावर, चोळी घट्ट, डोळे मोठे.

वडील अंक घरी आणत तेव्हा पहिलं काम म्हणजे त्याला वर्तमानपत्राचं कव्हर घालणं. कारण सांगत, "अंक खराब होतो." आम्हा भावंडांना कारण कळत होतं. पण माझी आई काय करायची? दुपारी सगळे झोपले की कव्हर अलगद काढून ते मुखपृष्ठ बघत बसायची. तिला त्या बाईचं काय आवडायचं? चोळीची बाही! कोपरापर्यंत आहे की त्याच्या वर, गळा किती खोल, काठ केवढा, अंबाडा कसा बांधलाय. एका दिवाळीनंतर आईने शिवलेल्या ब्लाउजची बाही अगदी मुखपृष्ठावरच्यासारखी निघाली. वडिलांना ते कधीच कळलं नाही.

मला आज वाटतं, चित्र एकच होतं, पण घरात त्याचे दोन वाचक होते. वडिलांना ज्याची लाज वाटत होती ते आईला दिसतच नव्हतं, किंवा दिसत असलं तरी त्याच्याशी तिला कर्तव्य नव्हतं. अंक कशामुळे खपला? बाईच्या रूपामुळे, बाहीमुळे, की आतल्या कथांमुळे? प्रकाशकाच्या वहीत नोंद एकच, 'एक प्रत गेली.'

'सगळेच असं करतात' हे साहेबांचं वाक्य इथेच तपासून बघू. तेव्हा खरोखरच बहुतेक अंकांच्या मुखपृष्ठावर बाई असे. नावाजलेले साहित्यिक अंक असोत की हलकेफुलके. त्यातले काही अंक साठ-सत्तर वर्षं चालले आणि काही दोन दिवाळ्यांत बंद पडले. आता नववीतला मुलगासुद्धा सांगेल की जी गोष्ट पास झालेल्यांतही आहे आणि नापास झालेल्यांतही आहे, ती पास होण्याचं कारण आहे असं त्यावरून ठरत नाही. दहाही दुकानांवर सारखीच पाटी असेल तर पाटीमुळे कुठलं दुकान चाललं हे कसं कळणार?

आणि त्याच काळात वेगळं करून बघणाराही होता. पन्नाशीच्या दशकाच्या सुरुवातीला 'मोहिनी'च्या मुखपृष्ठावर शि. द. फडणीसांचं एक चित्र आलं. तरुण आणि तरुणी जवळजवळ उभे. दोघंही अंगभर कपड्यांत. एकाच्या कपड्यावर मांजरांची नक्षी, दुसऱ्याच्या कपड्यावर उंदरांची. बस्स! एकही शब्द नाही. माझ्या वयाच्या लोकांना सत्तर वर्षांनंतरही ते चित्र सांगता येतं. त्या अंकांच्या गठ्ठ्यात सुंदर बायका कितीतरी होत्या, पण त्यातली एकही मला आज नीट वर्णन करून सांगता येणार नाही.

आता 'आवाज'. इथे मला एक कबुली द्यायची आहे. घरच्यांनाही ही माहीत नाही.

मधुकर पाटकरांनी १९५१ साली 'आवाज' सुरू केला. म्हणजे तो आणि मी एकाच वर्षातले. त्याची ख्याती होती खिडकीचित्रांची. ज्यांनी पाहिली नसतील त्यांच्यासाठी सांगते. वरच्या पानाला एक चौकोन कापलेला असतो. त्या खिडकीतून खालच्या पानाचा तेवढाच तुकडा दिसतो, आणि तो बघून मनात नको ते येतं. पान उलटलं की पूर्ण चित्र दिसतं आणि भलतंच साधं काहीतरी निघतं. वाचक स्वतःशीच ओशाळतो आणि हसतो. बरेचदा पान उलटल्यावर फजिती बाईची नाही, खिडकीला डोळा लावणाऱ्याची होते.

पण हे मला तेव्हा कळत नव्हतं. १९७९-८० च्या सुमाराची गोष्ट. मी शिक्षिका होऊन पाच-सहा वर्षं झाली होती. दिवाळीची सुट्टी संपून शाळा सुरू झाली आणि नववीतल्या एका मुलाच्या दप्तरात मला 'आवाज' दिसला. मी तो उघडला. समोर एक खिडकी आली. आत काय होतं ते आज आठवत नाही, पण मला जे वाटायचं ते वाटलं. मी वर्गासमोर त्या मुलाच्या हातावर चार पट्ट्या मारल्या आणि अंक फाडून कचऱ्याच्या डब्यात टाकला. तो मुलगा एवढंच म्हणाला, "बाई, पान उलटून तरी बघा." त्याबद्दल पाचवी पट्टी बसली.

आठवड्याने गावातल्या वाचनालयात गेले तेव्हा ग्रंथपालांनी सहज सांगितलं. त्या मुलाच्या आईने 'आवाज'ची किंमत भरली होती, अंक हरवला म्हणून. अंक वाचनालयाचा होता. तिनेच वाचायला नेला होता आणि मुलाच्या हाती परत पाठवला होता. स्वतः का नाही आली? ग्रंथपाल हसून म्हणाले, "बाई, आमच्याकडे 'आवाज'चा नंबर कुठल्याच बायका स्वतः लावत नाहीत. मुलांना पाठवतात. वाचतात मात्र सगळ्या."

मी त्या माउलीची माफी मागितली नाही. त्या मुलाचीही नाही. पगार तेव्हा बेताचा होता, पण अंकाचे पैसे भरायला मला काही जड नव्हतं. जड होतं ते 'मी चुकले' म्हणणं. शिक्षिकेच्या तोंडून ते शब्द तेव्हा निघत नसत. आजही तो प्रसंग आठवला की घशाशी काहीतरी अडकतं.

असो. पण नातीच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर मला त्या वाचनालयातच मिळालं होतं, हे आता ध्यानात येतं. वाचनालयाच्या नोंदवहीत 'आवाज' पुरुषांच्याच नावांवर चढत होता. वही बघणाऱ्याने काय अनुमान काढावं? की हा अंक पुरुषच वाचतात, तेव्हा त्यांना आवडेल असंच मुखपृष्ठ करा. मग बायका आणखी लांबून वाचणार, आणि वही म्हणणार, बघा, आम्ही म्हणत नव्हतो? वहीत जे येतं ते खरं असतं, पण जे दारातूनच परत गेले किंवा ज्यांनी दुसऱ्याला पाठवलं, त्यांची नोंद कुठल्याच वहीत नसते.

त्या काळी अश्लीलतेवर कोर्टकचेऱ्याही झाल्या. चंद्रकांत काकोडकरांची 'श्यामा' ही कथा 'रंभा'च्या १९६२ च्या दिवाळी अंकात आली आणि तिच्यावर खटला झाला. तो सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि १९६९ साली काकोडकर निर्दोष सुटले. समाजाच्या कल्पना काळाप्रमाणे बदलतात आणि तेही ध्यानात घ्यावं लागतं, असं न्यायालयाने त्यात म्हटलं. एका कथेसाठी सात वर्षं! माझा निकाल मात्र सात सेकंदांत लागला होता, तोही पान न उलटता.

आता १९९५ साली येते. त्या वर्षीची दोन चित्रं मला शेजारी शेजारी ठेवायची आहेत.

एक म्हणजे टफ्स बुटांची जाहिरात. मिलिंद सोमण आणि मधू सप्रे, दोघंही आपली मराठी मुलं. अंगावर बूट आणि अंगाभोवती अजगर, बाकी काही नाही. मुंबईत खटला दाखल झाला आणि तो चौदा वर्षं चालून २००९ मध्ये दोघं सुटले. ही जाहिरात आठवत नाही असा त्या पिढीतला माणूस विरळा. पण मी गेल्या दोन-तीन दिवसांत आमच्या ओळखीतल्या सहा जणांना विचारलं, "ती जाहिरात कशाची होती?" तिघांना अजगर आठवला, मधू सप्रे आठवली, पण जाहिरात कशाची ते आठवेना. दोघांनी बूट सांगितले, पण नाव चुकीचं. एकाने बरोबर सांगितलं, तो स्वतः चपलांच्या दुकानात काम करत होता!

माझी पाहणी म्हणजे काही शास्त्र नव्हे. पण नात म्हणाली की अमेरिकेतल्या ओहायो स्टेट विद्यापीठातल्या दोघा संशोधकांनी २०१५ साली असे ५३ प्रयोग एकत्र करून तपासले होते, आठ हजारांहून जास्त माणसांवरचे. त्यातही काहीसं असंच दिसलं. चाळवणारं चित्र डोळा खेचतं, पण मालाचं नाव त्यामुळे जास्त लक्षात राहतं असं दिसलं नाही, उलट मालाबद्दलचं मत खालावतं. विकत घेण्याची इच्छा त्याने वाढते असंही दिसलं नाही. डोळा अजगरावर गेला की बुटांकडे बघायला उरतोच कुठे?

दुसरं चित्र आमच्या गावचं. 'दिलवाले दुल्हनिया ले जायेंगे'चा शेवटचा प्रसंग आमच्या आपटा स्टेशनात चित्रित झाला, हे आता बाहेरच्यांनाही माहीत झालंय. गाडी सुटतेय, अंगभर कपड्यांतली मुलगी पळतेय, दारातून हात पुढे आलाय. हा सिनेमा मराठा मंदिरला वर्षानुवर्षं चालला. अजूनही कधीतरी तरुण मंडळी येऊन आमच्या साध्यासुध्या फलाटावर हात पुढे करून फोटो काढतात. मी नातीला मोठ्या विजयाने हे सांगितलं. म्हटलं, बघ, अंगभर कपडे आणि एवढा खप!

ती म्हणाली, "आजी, त्याच सिनेमात काजोल टॉवेल गुंडाळून नाचते. ते विसरलीस?"

विसरले होते खरी. आता माझं उदाहरण बाद की काय? विचार केला तेव्हा वाटलं, बाद नाही, पण ते मला हवं होतं तितकं सरळही नाही. टॉवेलचं गाणं सिनेमात आहे, लोकांनी ते आवडीने पाहिलंही असेल. पण आपट्याच्या फलाटावर येऊन कुणी टॉवेल गुंडाळून फोटो काढत नाही! माणसं हात पुढे करतात. त्या चित्राने जे दिलं ते त्यांना घरी न्यावंसं वाटलं. चाळवणाऱ्या चित्राने काहीच खपत नाही असं मी म्हणणार नाही. खपलेल्या वस्तूत ते चित्र होतं म्हणून त्यानेच ती खपली असंही म्हणता येत नाही, एवढंच.

बाईच्या चित्राचा आणखी एक प्रकार आहे. १९४१ साली लक्स साबणाच्या जाहिरातीत लीला चिटणीस आल्या. हिंदुस्थानी नटीचं लक्सच्या जाहिरातीतलं ते पहिलंच चित्र. तिथे चित्रातली बाई देखणी होतीच, पण साबण विकायचा होता बायकांना. त्यामुळे त्या चित्राची नजर, पदर, सगळं वेगळं. आपल्याला कोण घेणार आहे हे चित्राला पक्कं ठाऊक असतं. म्हणून मला वाटतं, बाईचं चित्र कसं काढलंय यावरून त्या बाईबद्दल फारसं कळत नाही, पण दुकानदाराच्या डोक्यातलं गिऱ्हाईक कोण आहे ते लख्ख कळतं.

आता शेवटी त्या गेमकडे. नातीने मला तासभर शिकवलं. चूक झाली असेल तर ती विद्यार्थिनीची.

१९९६ साली इंग्लंडमधल्या डर्बी गावच्या 'कोअर डिझाइन' या कंपनीने 'टूम रेडर' नावाचा खेळ काढला. त्यातली लारा क्रॉफ्ट ही जुन्या थडग्यांत, गुहांत शिरणारी संशोधक. आखूड चड्डी, तंग बनियन, दोन्ही हातांत पिस्तुलं. खेळ अफाट खपला आणि धंद्यातल्या लोकांनी धडा काढला, लारासारखी बाई काढा म्हणजे खपेल. पण ज्याने तिला घडवलं त्या टोबी गार्डला तिची जाहिरात ज्या चवचाल पद्धतीने होत होती ती रुचली नाही आणि १९९७ मध्ये तो कंपनी सोडून गेला. शिवाय त्या खेळात चढणं, उड्या मारणं, कोडी सोडवणं हे सगळं तेव्हा नवलाईचं होतं. ते कुणी धड्यात घेतलं नाही. काढायला सोपं काय? बाई!

पुढे २०१३ साली नव्या कंपनीने लाराला बदललं. साधी विजार, मळलेला बनियन, अंगावर खरचटलेलं, माणसासारखं शरीर. साहेबांच्या हिशोबाने तो खेळ पडायला हवा होता. पण लाराच्या सगळ्या खेळांत सर्वाधिक खपला तो हाच.

एक गोष्ट माझ्या विरुद्ध जाते, तीही लपवू नये. त्याच २०१३ साली एका संशोधकाने २००५ ते २०१० मधल्या ३९९ खेळांच्या खोक्यांवरची चित्रं आणि त्यांचा खप ताडून पाहिला. त्याला काय दिसलं? खोक्यावर बाई मुख्य पात्र म्हणून मध्यभागी असेल तर खप कमी. आणि ती कोपऱ्यात, शोभेपुरती आणि चाळवणारी असेल तर खप जास्त. वाचून मला वाईट वाटलं. साहेब अगदीच हवेतलं बोलत नव्हते म्हणायचे.

पण पुन्हा तो वर्गातला प्रश्न. जास्त पैसा ओतलेले, जास्त गाजावाजा झालेले खेळ नेमके कुठले असतात? ज्यांच्यावर कंपनीचा भरवसा असतो ते. आणि भरवसा कुठल्या चित्रावर बसतो? जे सगळे करतात त्यावर! बाई मध्यभागी असलेल्या खेळावर आधीच कमी पैसा लावायचा आणि मग तो कमी खपला म्हणून बोट दाखवायचं, असंही झालेलं असू शकतं. दोन गोष्टी एकत्र दिसल्या म्हणून एकीमुळे दुसरी झाली असं ठरत नाही, हे मी मुलांना पानिपतावर शिकवताना घसा कोरडा होईपर्यंत सांगत असे.

२०२४ सालचं उदाहरण नातीनेच दिलं. त्या वर्षी कोरियातून 'स्टेलर ब्लेड' नावाचा खेळ आला. नायिका तंग कपड्यांतली, तिच्या शरीरावरून जगभर वाद. खेळ दोन महिन्यांत दहा लाख खपला. आकडा चांगलाच आहे. त्याच वर्षी चीनमधून 'ब्लॅक मिथ: वुकाँग' आला. त्याचा नायक कोण? माकड! अंगभर केस आणि हातात सोटा, म्हणजे आपल्या मारुतीरायाच्या भाऊबंदातलाच म्हणा ना. तो तीन दिवसांत एक कोटी खपला. खेळ वेगळे, पैसा वेगळा, बाजार वेगळा, तेव्हा यावरून 'माकडच खपतं' असं मी म्हणणार नाही. पण मग बाईच्या चित्रावरूनही तसं म्हणू नये.

गुरुवारी रात्री मी नातीला फोन केला. म्हटलं, तुझ्या साहेबांना खोटं ठरवायला जाऊ नकोस. तसं चित्र हात थांबवतं हे खरं आहे, दुकानात, स्टॉलवर, तुमच्या त्या पडद्यावरही. पण थांबलेला हात खिशात जाईलच असं नाही, आणि गेला तरी पुढच्या दिवाळीला पुन्हा येतो तो आतल्या मजकुरासाठी. त्यांना एवढंच विचार की ज्यांचा हात त्या चित्रामुळे मागे गेला त्यांची वही तुमच्याकडे आहे का? तुझ्या वर्गातल्या किती मुली गेम खेळायच्या आणि किती जणींनी दुकानातली खोकी बघून 'हे आपल्यासाठी नाही' म्हणून पाय मागे घेतला, ते कुणी मोजलंय? नसेल मोजलं तर 'गिऱ्हाइकाला हेच हवं' असं म्हणू नका. आम्ही याच गिऱ्हाइकाला विचारलं, एवढं म्हणा.

ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "आजी, काम गेलं तर?"

याचं उत्तर इतिहासात नसतं. मी म्हटलं, "नोकरी तुझी आहे, हात तुझा आहे. तू जे काढशील ते मी भिंतीवर लावीन. पण आधी चित्र पाठव, बघू तरी."

तिने फोनवर चित्र पाठवलं. मी चष्मा पुसून नीट पाहिलं. देखणी पोर काढली होती, खरंच. डोळ्यांत धग होती. पण पदर मोकळा सोडला होता आणि कासोटा ढिला. म्हटलं, "अगं, हिने पदर कमरेला खोचायला हवा. हा असा ठेवलास तर पहिल्याच उडीला पायात येईल. आणि कासोटा पाठीमागे वर ओढून खोच, आम्ही भातलावणीला खोचायचो तसा. अशाने ती पळणार कशी?"

मग तिचं तिलाच हसू आलं. म्हणाली, "आजी, ऑफिसात एवढ्या जणांनी हे चित्र पाहिलं. लुगडं किती वर घ्यायचं यावर सगळे बोलले. ती पळेल कशी हे कुणी विचारलं नाही."

शुक्रवारी तिने पदर खोचलेलं चित्र दिलं, दुसरं काढलं नाही. साहेब म्हणाले, "बघू." अजून तरी काम तिच्याकडेच आहे.

आणि हो, त्या मुलाबद्दल. तो आता साठीला आला असेल. कुठे असतो मला माहीत नाही. पण आपट्यात, पनवेलमध्ये कुणाला तो प्रसंग ओळखीचा वाटला, तर त्याला एवढं सांगा की बाईंनी पान उलटून पाहिलं. उशीर झाला, पण पाहिलं.